बारा कोसांवरची जत्रा

बीदरहून आळंदला जायचं तर आजही शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता पडतो. साडेपाचशे वर्षांपूर्वी या भागात आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्यानं मात्र आपल्या टिपणात हे अंतर लिहिलं ते अवघं १२ कोसांचं. आपल्याकडचा कोस म्हणजे दोन मैल, फार तर अडीच. त्या हिशेबानं आळंद बीदरच्या शिवेलाच येऊन बसतं. वाचणाऱ्याला वाटावं, हा गडी एकतर चुकला किंवा तिथं कधी गेलाच नाही. पण त्याच्याच टिपणात दुसरीकडं खुलासा सापडतो. तो ज्याला ‘कोव’ म्हणतो, तो दहा वर्स्टांचा. वर्स्ट हे रशियातलं माप, किलोमीटरहून थोडंसंच मोठं. बारा कोव म्हणजे १२० वर्स्ट, म्हणजे साधारण १२८ किलोमीटर. वळसे घेत जाणाऱ्या जुन्या वाटेला हा आकडा बरोबर लागू पडतो.

माणूस हिशेबाला पक्का होता. पक्का असणं भागच होतं, कारण तो पोटासाठी आला होता.

त्याचं नाव अफनासी निकितिन. गाव त्वेर, व्होल्गा नदीकाठचं. माल घेऊन नदीनं खाली उतरत असताना अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. रिकाम्या हातानं घरी परतलं तर घेणेकरी दारात, म्हणून तो पुढंच निघाला. दरबंद, बाकू, इराण असं करत करत तो होर्मुझच्या बंदरात पोचला. तिथं त्याला कळलं, की हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत आणि जो घोडा नेतो त्याचं भलं होतं. त्यानं एक घोडा घेतला आणि जहाजावर चढवला. १४६९च्या सुमारास तो चौलला उतरला. काही अभ्यासक हे साल १४७१ धरतात.

घोड्यांचं गणित त्यानं ऐकलं होतं ते खरंच होतं. दख्खनच्या हवेत चांगल्या जातीचा घोडा टिकत नाही, वाढत नाही. आणि बहमनी सुलतान, विजयनगरचे राय, माळव्याचा सुलतान असे सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. घोडदळ हवं तर जनावर समुद्रापलीकडून आणायला हवं. अरबस्तान आणि इराणातले घोडे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत आणि घाट चढून वर जात. एका धडधाकट घोड्यावर माणसाचं नशीब उघडत असे. निकितिनचा हा घोडा जुन्नरला पोचेपर्यंत त्याला शंभर रुबलना पडला होता.

चौलहून पाली आठ दिवस, तिथून उंबरी दहा, पुढं जुन्नर सहा. हा सगळा प्रवास खुष्कीच्या वाटेनं झाला. गोरा माणूस म्हणून गावोगावची पोरंटोरं आणि मोठी माणसंही त्याच्यामागं चालत. जुन्नरला पाऊस लागला आणि तो तिथंच अडकला; रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. जुन्नरचा अंमलदार असदखान याला कळलं, की हा मुसलमान नाही. त्यानं घोडा काढून घेतला आणि अट घातली: आमचा धर्म घे, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा. मुदत चार दिवसांची. मुदत संपता संपता एक खुरासानी ओळखीचा माणूस गावात आला, त्यानं शब्द टाकला आणि निकितिनला घोडा परत मिळाला. धर्मही राहिला.

घोडा परत मिळाल्यावर त्यानं बीदरचा रस्ता धरला. जुन्नर ते बीदर एक महिना. वाटेत दिवसाला तीन-तीन, कधी चार गावं लागत, असं तो म्हणतो. इतकी दाट वस्ती त्यानं पाहिली नव्हती.

आळंदच्या जत्रेविषयी त्यानं लिहिलेला मजकूर फार तर पाचसात ओळींचा आहे, पण त्या काळातल्या या जत्रेचं इतकं नेमकं वर्णन दुसरं सहज मिळणार नाही. शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा भरणारा बाजार. दहा दिवस चालणारा. सगळ्या देशातून माणसं येतात. वीस हजारांपर्यंत घोडे विकायला आणतात. बाकी जे जे म्हणाल ते ते विकलं जातं आणि घेतलं जातं. हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा बाजार हाच, असा त्याचा शेरा. वीस हजार हा आकडा कुणी मोजून सांगितलेला नसणार. जत्रेतला आकडा तो जत्रेतलाच. पण घोडे घेऊन आलेल्या माणसानं घोड्यांच्याच बाजाराबद्दल लिहिलंय, तेव्हा डोळ्यांसमोर मोठा थोरला तळ होता यात शंका नाही.

हे शेख अलाउद्दीन म्हणजे आळंदचे लाडले मशायख. त्यांचा दर्गा आजही आळंदची ओळख आहे. उरुसाला संदल निघतो, दुकानं लागतात, कलबुर्गी, सोलापूर, धाराशिवकडची माणसं येतात. घोडे मात्र गेले. पीराची पुण्यतिथी आणि जनावरांचा बाजार ही जोडी आपल्याकडं नवी नाही. देवाला माणसं जमतात. माणसं जमली की व्यापारी येतात. व्यापारी येतात म्हणून आणखी माणसं जमतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात अजूनही घोडे, गाढवं आणि उंट विकायला उभे असतात. निकितिननं आळंदला काय पाहिलं असेल, याचा अंदाज घ्यायचा तर माळेगावच्या माळावर थंडीतल्या पहाटे एक चक्कर मारावी. घोड्याचे दात पाहणारे, खुरांवर टिचकी मारणारे, रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे लोक तिथं दिसतात.

आळंदच्याच मजकुरात त्यानं एका पक्ष्याची गोष्ट घुसवली आहे. रात्री उडतो, ‘कुक-कुक’ ओरडतो, ज्या घरावर बसतो तिथं माणूस मरतो. मारायला जावं तर त्याच्या चोचीतून आग निघते. आग वगळली तर बाकीचं सगळं बीदर-कलबुर्गीकडच्या कुठल्याही आजीला पाठ असतं. घुबड घरावर बसलं की तिला झोप लागत नाही. पुढं तो माकडांच्या राजाबद्दल आणि त्याच्या सैन्याबद्दल लिहितो. आळंदच्या मुक्कामात कुणीतरी त्याला रामायण सांगितलं असावं आणि भाषेच्या अडचणीतून त्याच्यापर्यंत एवढंच पोचलं असावं.

जत्रेत असा सगळा देश उघडा होता. राजधानीत उलट परिस्थिती.

बीदरमध्ये सुलतान तिसरा मुहम्मदशाह गादीवर होता. निकितिन त्याला वीस वर्षांचा सांगतो. राज्य चालवत होता ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य ही पदवी मिरवणारा महमूद गावान. राजवाड्याला सात दरवाजे. दर दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. काही आत जाणाऱ्यांची नोंद करणारे, काही बाहेर पडणाऱ्यांची. हे कारकून हिंदू. परक्या माणसाला आत सोडत नाहीत, असं तो लिहितो. आणि राजवाडा फार सुंदर आहे, सगळीकडं कोरीव काम आणि सोनं आहे, हेही लिहितो. म्हणजे एकतर दाराशी उभं राहून डोकावला, किंवा आत जाऊन आलेल्या कुणाला खोदून खोदून विचारलं. रात्री कोतवालाची हजार माणसं मशाली घेऊन शहरात फिरत. रस्त्यांवर लांबलचक साप फिरत, हे निरीक्षण वेगळंच.

खुद्द महमूद गावानसुद्धा परदेशी व्यापारीच होता. इराणातल्या गिलानहून निघून तो १४५३ मध्ये दाभोळला उतरला, तो माल विकायला आणि बीदरच्या शाह मुहिबुल्लाह या सूफींना भेटायला. त्याला सातही दरवाजे उघडले. १४७२ मध्ये त्यानं बांधलेला मदरसा बीदरच्या गावात आहे. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटानं त्याचा एक मोठा भाग उडाला, तरी निळ्या-पिवळ्या फरशांचा उरलेला मनोरा लांबून दिसतो. १४८१ मध्ये एका खोट्या पत्रावरून याच सुलतानानं त्याची गर्दन मारली. वीस हजार घोड्यांच्या जत्रेकडं गावान कोणत्या नजरेनं पाहत असेल, हे सांगायला नको. फौजेचा सगळा पसारा त्याच घोड्यांवर उभा होता.

राजवाडा बंद असला तरी सणाच्या दिवशी राजवाडाच बाहेर येई. बैरामला, म्हणजे ईदला, सुलतानाची स्वारी निघाली, ती निकितिननं गर्दीत उभं राहून पाहिली. पोलादी झुली घातलेले तीनशे हत्ती, त्यांच्यावर अंबाऱ्यांमध्ये बंदुका घेतलेली माणसं. सोन्याच्या साजातले हजार घोडे. नगारे लादलेले शंभर उंट. तीनशे कर्णेकरी, तीनशे नाचणारे. त्याची सगळ्यात बारीक नजर मात्र एका हत्तीवर गेली. सुलतानापुढं चालणाऱ्या या हत्तीच्या तोंडात मोठी लोखंडी साखळी होती, आणि ती फिरवत तो माणसांना, घोड्यांना दूर हाकत होता. गर्दीतल्या माणसाला स्वारीतलं हेच पहिलं दिसणार; साखळी त्याच्याच दिशेनं येत होती.

त्याच टिपणात त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. गावाकडचे लोक फार गरीब आहेत आणि सरदार फार श्रीमंत. सरदारांना चांदीच्या मेण्यांतून वाहून नेतात. बहमनी वैभवाची वर्णनं फारसी तवारिखांत पानोपानी आहेत. हे वाक्य मात्र त्वेरच्या वाण्याचं आहे.

नाताळच्या सुमारास त्यानं बीदरला घोडा विकला. हातात पैसा आला, पण रशियाला न्यावं असं काही सापडेना. मिरी आणि रंग इथं स्वस्त, पण समुद्रावर जकात आणि चाचे. सांगणाऱ्यांनी आपल्याला फसवलं, म्हणून तो चिडून लिहितो. धंद्याच्या दृष्टीनं सफर फसली होती. मग तो राहिला, आणि राहिल्यामुळं त्याचं टिपण व्यापाऱ्याची वही न राहता दुसरंच काही झालं.

तोवर तो खोजा युसूफ खुरासानी या नावानं वावरत होता. बीदरमध्ये पुष्कळ हिंदूंशी ओळखी झाल्या, तेव्हा त्यानं खरं सांगितलं: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, नाव अफनासी. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. ना जेवण, ना व्यापार, ना पूजा, ना घरातल्या बायका. विचारून विचारून त्यानं मोजदाद केली, की इथं चौऱ्याऐंशी धर्म आहेत आणि एका धर्माचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवत नाही, पाणी पीत नाही, सोयरीक करत नाही. जातीला धर्म समजणं ही परक्याची चूक. पण पंक्तीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

खाण्याबद्दल तो जे लिहितो ते वाचताना पाचशे वर्षं मधून गळून पडतात. तूप घातलेली खिचडी. तुपात-दुधात शिजवलेल्या भाज्या. उजव्या हातानं जेवायचं, डाव्याचा स्पर्श नाही. सुरी-चमचा ठाऊक नाही. जेवणाआधी हातपाय धुवायचे, चूळ भरायची. कुणाची नजर पडू नये म्हणून अन्नावर फडकं टाकायचं. प्रवासात दर माणसाजवळ आपापलं भांडं. ज्याचं त्यानं शिजवायचं. घोड्यांनाही हरभरा आणि साखर-तूप घातलेली खिचडी मिळे, हे त्यानं आश्चर्यानं नोंदवलंय. घोडा पाळायला काय खर्च येतो हे त्याच्या खिशाला कळलं होतं.

याच मित्रांबरोबर तो महिनाभर चालून ‘पर्वत’ला, म्हणजे श्रीशैलला गेला. रशियनांना जसं जेरुसलेम, मुसलमानांना जशी मक्का, तसं या लोकांना हे, असं त्यानं आपल्या वाचकाला समजावलं. पाच दिवसांची यात्रा. देवाच्या दारात माणशी कर, घोड्यालाही वेगळा कर. यात्रेकरू बैलांवरून येत. शिंगांना पितळ मढवलेलं, गळ्यात शेकड्यांनी घुंगरं, खुरांना नाल. काळ्या दगडाच्या भल्या मोठ्या नंदीच्या खुराला ओठ लावत आणि त्याच्यावर फुलं उधळत. बैलाला बाप आणि गाईला आई म्हणतात, हे त्याला तिथंच कुणीतरी सांगितलं.

युरोपच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा असाच एक रस्ता माणसांनी भरून वाहत होता. उत्तर स्पेनमधल्या सान्तियागोला, संत याकोबाच्या समाधीकडं जाणारा. त्या वाटेची पुस्तिका बाराव्या शतकातच लिहून झाली होती. कुठला मुक्काम चांगला, कुठले लोक लबाड, कुठल्या नदीचं पाणी घोड्याला पाजू नये, सगळं तिच्यात होतं. नवारातल्या एका खाऱ्या नदीच्या काठी दोघं जण सुऱ्या परजत बसलेले असतात आणि पाणी पिऊन मेलेल्या घोड्यांची कातडी सोलतात, इतका बारीक तपशील तिच्यात येतो.

बीदर-कलबुर्गीकडं अशी पुस्तिका नव्हती का? एका अर्थी होती, पण ती पोथीच्या रूपात. ‘गुरुचरित्र’ बहुतेक मराठी घरांत पारायणाचा ग्रंथ म्हणून पूजेत असतं, त्यामुळं ते प्रवासाचंही पुस्तक आहे हे ध्यानात येत नाही. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचं गाणगापूर, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यातलं. नृसिंह सरस्वती तिथं राहिले. परंपरा त्यांच्या प्रयाणाचं साल १४५९ च्या आसपासचं सांगते, म्हणजे निकितिन यायच्या आधी दहाएक वर्षं. ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात गाणगापूरची अष्टतीर्थं क्रमानं येतात: षट्कूळ, नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र, मन्मथ. कुठं आधी स्नान, त्यानंतर कुठं, काय फळ. नव्यानं आलेल्या माणसाच्या हातात द्यावी अशी यादी आहे ती.

पन्नासावा अध्याय तर थेट बीदरला पोचतो. वैदुरा नगरीचा मुसलमान राजा मांडीवरच्या फोडानं बेजार झालेला. तो शोधत गाणगापूरला येतो, गुरू त्याला पूर्वजन्मीचा परीट म्हणून ओळखतात, फोड नाहीसा होतो, आणि मग राजा गुरूंना आपल्या राजधानीत मिरवत नेतो. हा राजा म्हणजे दुसरा अलाउद्दीन अहमदशाह असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी राजधानीची कल्पना लक्षात राहते. निकितिनच्या बीदरला सात दरवाजे आणि सातशे पहारेकरी. गुरुचरित्राच्या बीदरमध्ये राजा स्वतः वाट उघडून देतो. पापविनाशी तीर्थ म्हणून जी जागा या कथेत येते, ती बीदरच्या कडेचं पापनाश असं तिथले लोक मानतात.

ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर हा ज्या सायंदेवाच्या वंशातला, त्याचं गाव कडगंची. ते आळंद तालुक्यात येतं. आपली घरची भाषा मराठी नव्हे, असं कवी स्वतःच सांगतो. ग्रंथात कानडी पदंही आहेत. मराठी घराघरांत सात दिवस बसून वाचला जाणारा हा ग्रंथ अशा कानडी घरातून आला, आणि त्या घराच्या पंचक्रोशीत घोड्यांची ती जत्रा भरत होती.

आळंदची गोष्ट एवढ्यानं संपत नाही. वारकऱ्यांना आळंद ठाऊक आहे ते दुसऱ्याच कारणानं. तुकोबांच्या गुरुपरंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी ही नावं येतात. राघव चैतन्य मूळचे जुन्नरजवळच्या ओतूरचे. तिथून ते कलबुर्गीकडं आले आणि आळंदला समाधिस्थ झाले, असं संप्रदाय सांगतो. त्यांचं समाधिस्थान आणि शिवलिंग लाडले मशायख यांच्या दर्ग्याच्या आवारातच दाखवतात, आणि राघव चैतन्य म्हणजेच लाडले मशायख, अशीही परंपरा आहे. जुन्नरहून आळंदकडं, हाच रस्ता निकितिन चालला होता. घोडे, फकीर, बैरागी, सगळे त्याच वाटेनं.

दोन नावांचा हा देव कित्येक पिढ्या निमूट नांदला. अलीकडं महाशिवरात्रीला तिथं कुणी, किती वेळ, कितीजणांनी पूजा करायची, हे उच्च न्यायालयाला ठरवून द्यावं लागतं. त्या दिवशी गावात पोलिसांचा बंदोबस्त असतो.

बीदरपासून थोड्या अंतरावर अष्टूरला मात्र जुना रिवाज चालू आहे. बहमनी सुलतान अहमदशाह वली यानं राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवली. तो १४३६ मध्ये वारला. अष्टूरच्या शिवारात बहमनींच्या कबरींची रांग आहे, त्यातल्या त्याच्या घुमटाच्या आत लाल-निळ्या-सोनेरी रंगांतली नक्षी आणि सूफी वंशावळीची अक्षरं अजून टिकून आहेत. लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. त्याचा उरुस हिजरी तिथीनं होत नाही. तो हिंदू पंचांगानं, होळीनंतरच्या दिवसांत येतो. निजामाच्या राज्यातल्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवरचं आपलं मोठं पुस्तक १९४७ मध्ये काढलं. घुमटांची मापं घेता घेता त्यांनी या उरुसाचंही वर्णन करून ठेवलंय. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम आपल्या मंडळींसह पायी येतो. शंख वाजवतो, नारळ फोडतो, कबरीवर फुलं वाहतो. तो आल्याशिवाय उरुसाला सुरुवात नाही. सुलतानाच्या कबरीचा पहिला मान जंगमाचा.

सगळ्याच प्रवाशांना हे दिसलं नाही. जां द थेवनो हा फ्रेंच प्रवासी गोवळकोंड्याहून परतताना १६६७च्या सुमारास बीदरवरून गेला. दहाएक वर्षांपूर्वी औरंगजेबानं सत्तावीस दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला होता, आणि बीदरचं नाव जफराबाद ठेवलं होतं. थेवनोनं लिहिलं ते तटाबद्दल, बुरुजांबद्दल, तीन फूट तोंडाच्या तोफांबद्दल. तीन हजार शिबंदी, निम्मे स्वार, निम्मे प्यादे, वर सातशे गोलंदाज. बीदर म्हणजे त्याच्या लेखी एक छावणी होती, आणि तो आला तेव्हा ती बहुतांशी तशीच असणार. तो १६६७ मध्येच इराणातल्या मियानामध्ये वारला. जत्रेचा दिवस त्याच्या वाट्याला आला नाही.

जत्रा मात्र राजधान्यांच्या मागं राहत गेल्या. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज १४२२ मध्ये वारले, त्यांचा उरुस जिल्कादमध्ये भरतो. त्याच शहरात होळीनंतर पाचव्या दिवशी शरणबसवेश्वरांचा रथ निघतो. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद अंगणाशिवाय, पूर्ण छताची; तिच्या कमानींच्या रांगा पाहून परदेशी पाहुण्यांना हटकून स्पेनमधल्या कॉर्डोबाची आठवण व्हायची. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंचा (१८१७–१८६५) दरबार दत्तजयंतीला भरतो. प्रभूंची पदं मराठीत आहेत, कानडीत आहेत, उर्दूतही आहेत. भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा. बीदरच्या झऱ्यावर गुरू नानकांच्या आठवणीनं पंजाबातून शीख येतात.

१८७१ च्या सुमारास सोलापूरहून रायचूरकडं रेल्वे गेली आणि वाटेत ‘गाणगापूर रोड’ असं स्टेशन झालं. मुंबई-पुण्याचा माणूस रात्रीच्या गाडीनं सकाळी संगमावर पोचू लागला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य वाटलं गेलं तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर सीमेच्या अलीकडं आले; भालकी, हुमनाबाद, औराद, आळंद पलीकडं राहिले. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं अधिकृत नाव कलबुर्गी झालं. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली. गाणगापूरच्या बाजारात पेढेवाला मात्र गिऱ्हाइकाचा तोंडवळा पाहून मराठीत किंवा कानडीत भाव सांगतो.

तिथली दुपार पाहण्यासारखी असते. संगमावर अंघोळ करून, औदुंबराला प्रदक्षिणा घालून आलेली माणसं झोळी घेऊन गावात निघतात. नोकरीवाले, दुकानदार, साहेबमाणसं, एरवी कुणापुढं हात न पसरणारी. आणि नेम असा, की किमान पाच घरी माधुकरी मागायची. दाराशी कुणी भाकरी घालतं, कुणी भात, कुणी आमटीची वाटी. दुपारी दत्त महाराज स्वतः भिक्षेला येतात, अशी समजूत असल्यामुळं कोण देतंय आणि कोण घेतंय याची चौकशी होत नाही. झोळीत सगळं एकत्र होतं आणि मंदिराच्या कडेला बसून ती भाकरी खाल्ली जाते. निकितिननं वाटेवर पाहिलेली, जो तो आपल्या भांड्यात शिजवणारी माणसं याच मुलखातली होती.

निकितिननं आपले सण या सगळ्यात हरवले. त्याची पुस्तकं व्होल्गावर लुटीत गेली होती, त्यामुळं ईस्टर कधी येतो ते त्याला कळेना. दुसऱ्यांचे उपास धरून, दुसऱ्यांच्या जत्रा मोजून तो अंदाज बांधत असे. आळंदचा बाजार आपल्या पोक्रोवच्या सणाला, म्हणजे मेरीमातेच्या छत्राच्या दिवशी येतो, असं तो लिहितो, ते त्याच्या मनात चालू असलेल्या या हिशेबाचं टिपण आहे. शेवटी दाभोळहून तो जहाजानं निघाला. होर्मुझ, त्रेबिझोंद, काळा समुद्र असा परतला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडंच वारला. त्याची वही काही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणली आणि १४७५ मध्ये ती महाराजांचा कारकून वसिली मामिरेव याच्या हाती पडली. तिची नक्कल दरबारी बखरीत उतरली आणि तिथंच पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करामझिनला ती एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी तिच्यावर ‘परदेसी’ चित्रपट काढला, त्यात पृथ्वीराज कपूर महमूद गावान झाले होते. चौलजवळ रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे.

आळंदला नाही. पण मॉस्कोच्या राजांच्या लढाया आणि बिशपांच्या नेमणुका यांच्या मधोमध, त्या बखरीच्या एका पानावर आळंद आहेच: बीदरपासून बारा कोव, दहा दिवसांचा बाजार, वीस हजार घोडे, आणि रात्री कुणाच्या तरी छपरावर येऊन बसणारा एक पक्षी.